डावा कोपरा

आष्ट्याच्या मुलींच्या शाळेत राजश्रीबाई चौगुले खेळ शिकवतात, म्हणजे कबड्डी शिकवतात. बाकीचे खेळ त्यांच्या खिजगणतीतही नसतात. हल्ली सगळ्या सामन्यांत चढाई करणाऱ्या मुलीच्या गळ्यात एक पट्टी असते. तिच्यातला बारका माइक दम ऐकतो आणि मुलीनं मध्येच श्वास चोरला की तत्क्षणी शिट्टी वाजवतो. पूर्वी हे काम पंचाच्या कानाचं होतं. बाईंचा त्या पट्टीवर भारी राग. "माणसाचा दम माणसानं ऐकावा," असं म्हणून शाळेला मिळालेल्या सगळ्या पट्ट्या त्यांनी कपाटात घालून वर कुलूप ठोकलं होतं.

अशा बाईंच्या डाव्या स्तनात गाठ निघाली. तपासणीच्या फिरत्या गाडीतल्या यंत्रानंच ती हेरली, हाताला लागलीही नसती एवढी लहान. मिरजेला शस्त्रक्रिया झाली, जखम भरली आणि बाई शिट्टी घेऊन पुन्हा मैदानावर हजर झाल्या. इथवर सगळं सुरळीत पार पडलं. पुढं डॉक्टरांनी किरणोपचार सांगितले, आणि बाईंनी पाय रोवले.

"चिरा, फाडा, कडू औषधं पाजा," त्या फोनवर म्हणाल्या. "किरणं मी घेणार न्हाई."

याला कारण त्यांची थोरली बहीण, सुनंदा. एके काळी दोघी जिल्ह्याच्या संघातून एकत्र खेळल्या. राजश्री चढाईला आणि सुनंदा डाव्या कोपऱ्यात, पकडीला. समोरची मुलगी अंगावर आली की सुनंदा खाली वाकून असा घोटा धरायची की मुलगी मध्यरेषेकडे बघत जागच्या जागी बसायची. खेळ सुटल्यावरही दोघी एकाच घरात राहिल्या. सुनंदाचा नवरा अपघातात गेला, राजश्रीनं लग्न केलं नाही, आणि सुनंदाची मुलगी सानिका दोघींच्या हातांवर वाढली.

वीसेक वर्षांपूर्वी सुनंदालाही याच बाजूला गाठ झाली होती. तेव्हा कित्येक आठवडे रोज जाऊन किरणं घ्यावी लागत. तिनं ती घेतली, आणि कॅन्सर गेला तो कायमचाच गेला. पण पंधरा वर्षांनी, चांगली हिंडती-फिरती असताना, तिचं हृदय बसलं. डाव्या छातीवरच्या त्या जुन्या किरणांच्या वाटेत हृदयाची कड येत असे. तिथली रक्तवाहिनी आतून हळूहळू निबर होत जाई आणि बाहेर कुणाला पत्ता लागत नसे. राजश्रीबाईंनी त्यातून एवढंच घेतलं की किरणांनी अक्काला मारलं.

सुनंदा गेली त्या सकाळी आणखी एक गोष्ट घडली होती. दवाखान्यातल्या एका तरुण डॉक्टरनं चाचरत सानिकाला विचारलं, की जुन्या किरणांनी हृदयाला नेमकी कुठं इजा होते याचा अभ्यास चालला आहे, तुमच्या आईचं हृदय त्यासाठी द्याल का? सानिका विशीतली पोर. तिनं डोळे पुसले आणि सही केली. सामन्यासाठी परगावी गेलेल्या राजश्रीबाई धावतपळत पोचल्या, तोवर सगळं होऊन गेलं होतं.

"माझ्या अक्काचं काळीज कापायला दिलंस?" भर व्हरांड्यात त्या किंचाळल्या. "बिनकाळजाची जाळायची व्हय तिला?"

त्या दिवसापासून मावशी-भाचीचं बोलणं तुटलं. सानिका क्रीडा कोट्यातून सांगलीला बँकेत लागली आणि तिकडंच राहू लागली. दर दिवाळीला तिच्याकडून फराळाचा डबा येई. बाई तो मैदानावरच्या पोरींत वाटून टाकत. पण आधी एक चकली मोडून हळूच तोंडात टाकत, हे पोरींनी अनेकदा पाहिलं होतं.

मिरजेच्या डॉक्टर स्नेहल मगदूम चिकाटीच्या निघाल्या. "किरणं घेऊ नका," त्या म्हणाल्या, "पण एकदा येऊन सावली बघून जा. बघितल्यावर नाही म्हणालात तर मी पुन्हा फोन करणार नाही." रोजच्या फोनला कंटाळूनच बाई गेल्या.

सावली म्हणजे बाईंचाच देह, फक्त गणिताचा. त्यांच्या सगळ्या तपासण्या, फुप्फुसं, बरगड्या, हृदयाची प्रत्येक धडधड यांवरून संगणकानं बांधलेला. खऱ्या माणसावर किरण सोडण्याआधी ते या सावलीवर हजारो वेळा सोडून बघायचे आणि मग तिला पुढची वीस वर्षं जगवायची. तिला काय होतं ते बघून खऱ्या माणसासाठी किरणांची वाट आखायची. मिरजेत आता हे सर्रास चालत असे.

पडद्यावर तीन राजश्रीबाई उभ्या राहिल्या. तिघीही काचेसारख्या आरपार दिसणाऱ्या.

"ही किरणं न घेणारी," डॉक्टर म्हणाल्या. पहिली सावली पुढं सरकू लागली. काही वर्षं ठीक गेली, मग शस्त्रक्रियेच्या जागेजवळ एक ठिपका उमटला, त्याचे चार झाले आणि मग ते हाडांत उतरले. "दर वेळी असंच होतं असं नाही. पण तुमच्या बाबतीत बऱ्याचदा होतं."

दुसरी सावली जुन्या पद्धतीनं किरण घेतलेली. तिच्यात ठिपका आला नाही. पण हृदयाच्या दर्शनी बाजूनं खाली उतरणारी एक रक्तवाहिनी तांबूस झाली, मग करडी झाली आणि अरुंद होत गेली. राजश्रीबाईंना ती सावली आपली वाटेना. जिना चढताना मध्येच थांबून "काही न्हाई गं, जरा दम लागला" म्हणणारी अक्का त्यांना लख्ख दिसली. त्यांनी तोंड फिरवलं.

"आता ही तिसरी." डॉक्टरांनी तिसरीला खोल श्वास घ्यायला लावला. छाती भरली, फुप्फुस फुगलं आणि त्याच्या रेट्यानं हृदय बरगड्यांपासून सुटून मागं आणि खाली सरकलं. छाती आणि हृदय यांच्यात एक फट पडली. "श्वास छातीत धरून ठेवला की ही फट मिळते. ही युक्ती जुनीच आहे. नवं आहे ते किरणांचं यंत्र. पूर्वी आठवड्यांत विभागून द्यायचो तो सगळा मारा आता अर्ध्या सेकंदाच्या आत होतो. इतक्या झटक्यात दिला की गाठीच्या पेशी मरतात आणि चांगल्या पेशी बऱ्याच अंशी वाचतात. असं का होतं ते आम्हाला अजून पुरतं उमगलेलं नाही, पण होतं हे नक्की. एकच बैठक. फक्त श्वास धरल्यावर छाती जराही हलता कामा नये. ज्वारीच्या दाण्याएवढी हलली तरी यंत्र किरण सोडत नाही."

तिसरी सावली वीस वर्षं चालून गेली. केस पांढरे झाले असते तेवढंच.

राजश्रीबाईंनी पंचाला विचारावं तसं विचारलं, "ह्या पडद्याला कसं कळलं, नेमकी हीच नस निबर होणार म्हणून?"

"आधीच्या रुग्णांकडून," डॉक्टर म्हणाल्या. "कुणाला किती किरण दिले याच्या नोंदी होत्याच. पण ते हृदयात नेमके कुठं लागले आणि तिथं पुढं काय झालं, हे बाहेरून कळत नव्हतं. मग काही घरांनी त्यांची माणसं गेल्यावर हृदयं दिली. दिलेले किरण आणि हृदयातले वण एकावर एक ठेवून बघता आले. त्या आधी सावलीला हृदय म्हणजे एक आख्खा गोळा वाटायचा. कुठली जागा सांभाळायची ते त्या हृदयांनी शिकवलं."

"कुणाकुणाची हुती?"

"नावं आम्हाला कळत नाहीत. याच भागातली बरीच होती, एवढं ठाऊक आहे."

बाईंनी पदर तोंडाला लावला. डॉक्टरांनी पाण्याचा पेला पुढं केला, तो त्यांनी हातानंच बाजूला सारला. व्हरांड्यात आपण काय किंचाळलो होतो ते त्यांना शब्दन् शब्द आठवत होतं.

"घेते मी किरणं," त्या म्हणाल्या.

तालीम घ्यायला निलोफर मुजावर नावाची तंत्रज्ञ होती. मिरजेचीच, हसतमुख, हाताला मेंदीचा वास असलेली. तिनं बाईंना टेबलावर निजवलं, छातीवर उजेडाची एक जाळी पाडली आणि समजावलं, "बाई, मोठा श्वास घ्यायचा आणि मी सांगेपर्यंत दम धरायचा. अर्धा मिनिट, जास्त नाही. जमेल ना?"

"दमाचं मला नको शिकवूस पोरी," बाई म्हणाल्या. "मी एका दमात सात जणींना शिवून आलेली बाई हाय."

जमलं नाही. श्वास छान भरला जायचा, पण लगेच छाती हळूहळू, एका लयीत खाली येऊ लागायची. यंत्र किरणांविनाच बंद व्हायचं. पुन्हा करून बघितलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा. बाईंची फुप्फुसं त्यांच्या निम्म्या वयाच्या बाईला लाजवतील अशी होती. निलोफरनं रुग्ण पाहिले होते खोकणारे, घाबरणारे, मध्येच हसू फुटणारे. पण धडधाकट माणसाची छाती अशी तालात उतरताना तिनं कधी पाहिली नव्हती.

"आणखी दोन दिवस बघू," डॉक्टर मगदूम म्हणाल्या. "नाहीच जमलं तर संथ किरणांचा मार्ग आहे. पूर्वीपेक्षा पुष्कळ सुधारलाय तोही. पण तुमचं हृदय छातीला अगदी चिकटून आहे, बाई. ती तुम्ही पाहिलेली नस थोडीफार वाटेत येणारच."

म्हणजे दुसरी सावली. बाई खालच्या बाकावर येऊन बसल्या. उभ्या हयातीत त्यांना कुणी दमात कमी म्हटलं नव्हतं. फोन हातात होता आणि एकच नंबर डोळ्यांपुढं होता. बऱ्याच वेळानं त्यांनी तो लावला.

"मावशी?" पहिल्याच घंटेला आवाज आला.

"व्हय, मीच. अजून नंबर ठेवलाईस व्हय माझा?"

"कुठं टाकणार?" सानिका म्हणाली. मग जपून विचारलं, "तब्येत कशी आहे? ऑपरेशनच्या दिवशी मी खाली कँटीनमध्ये बसून होते. वर यायचा धीर झाला नाही."

राजश्रीबाईंना पुष्कळ बोलायचं होतं. तोंडातून निघालं ते असं, "सानिका, रजा मिळंल का गं तुला? मला दम धरता येईना झालाय."

"तुला?" सानिका म्हणाली. "येते मी."

ती सकाळीच येऊन हजर झाली. आईसारखीच बुटकी, रुंद खांद्यांची. मावशीच्या पाया पडली, मावशीनं तिच्या डोक्यावर हात ठेवला. तेवढ्यात निलोफरनं तालमीला बोलावलं. सानिका काचेच्या पलीकडं उभी राहून बघू लागली. पडद्यावर छातीची रेघ वर चढली आणि लगेच उतरणीला लागली. मावशीचे ओठ अगदी बारीक हलत होते.

सानिकाला हसू आवरेना. आत जाऊन ती म्हणाली, "मावशी, तू चढाई करतीयस!"

"म्हंजे?"

"मनातल्या मनात कबड्डी कबड्डी चाललंय तुझं. ओठ हलताहेत."

"मग?" बाई उठून बसल्या. "दम धरा म्हटली न्हवं ही पोरगी? आमच्यात दम असाच धरत्यात."

निलोफर एकीकडून दुसरीकडं बघत राहिली. तिला बिचारीला काय ठाऊक, की चढाई करणाऱ्याचा दम म्हणजे आत कोंडलेला श्वास नव्हेच. तोंडानं एकसारखा घोष चालू ठेवायचा, त्यासाठी श्वास धागा धागा बाहेर सोडायचा आणि तो संपायच्या आत मध्यरेषा गाठायची. बाईंनी लहानपणापासून तेवढंच केलं होतं. त्यांची छाती टेबलावरही इमानेइतबारे तेच करत होती.

"इथं चढाई नाही करायची," सानिका तिच्याजवळ बसत म्हणाली. "इथं कोपऱ्यात उभं राहायचं. आठव, आई कशी उभी राहायची?"

राजश्रीबाईंना आठवायची गरजच नव्हती. सरावात अक्कावर चढाई करण्यात त्यांची उमर गेली होती. "म्या जवळ आले की मोठा श्वास भरून घ्यायची," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "आणि मग थिजायची. पापणीसुदिक हलायची न्हाई. वाटायचं, हिचं ध्यानच न्हाई. म्हणून म्या पाय पुढं टाकायची, की घोटा हिच्या हातात."

"तेच. तो श्वास घे. घोटा अजून धरायचा नाहीये, नुसतं थांबायचं."

त्या पुन्हा आडव्या झाल्या. सानिकानं मैदानावरच्या आवाजात हाक दिली, "आली, आली, अंगावर आली!" बाईंची छाती भरली. रेघ वर चढली आणि तिथंच राहिली. निलोफरचा हात नकळत तोंडावर गेला. अर्धा मिनिट उलटून गेला तरी रेघ तशीच होती, आणि शेवटी तिलाच म्हणावं लागलं, "बाई, सोडा आता, सोडा!"

उपचार दुपारी करायचं ठरलं. दोघी व्हरांड्यात चहा पीत बसल्या. बाईंनी कप खाली ठेवला.

"सानिका, ह्या यंत्राला माझं काळीज कुटं जपायचं ते कळतंय, ते अक्कामुळं. तू दिलंस म्हणून. तुझे उपकार हाईत माझ्यावर, आणि म्या तुला काय काय बोलले."

"आईचंच असेल असं नाही गं मावशी. पुष्कळ जणांनी दिलीत."

"असू दे नायतर नसू दे. जे असंल ते कुणातरी पोरीनं दिलं असणार. तिच्या मावशीनंबी तिला असंच फाडून खाल्लं असंल." त्यांचे डोळे भरून आले होते आणि त्या ते पुसतही नव्हत्या. "त्या समद्या पोरींच्या पाया पडावं वाटतंय मला."

सानिकानं तिचा हात धरला. "तू नेहमी म्हणतेस, किरणांनी आईला मारलं. मी पाच वर्षांची होते गं तेव्हा. किरणं नसती तर मला आईचा चेहरासुद्धा आठवला नसता. शाळेत पोचवायला आई होती, पहिल्या सामन्याला होती, बँकेच्या परीक्षेच्या वेळी बाहेर झाडाखाली बसलेली होती. सही करताना माझ्या मनात तेवढंच होतं. आपल्याला मिळालं, तर कुणाला तरी पुढं मिळावं."

मावशीनं भाचीला पोटाशी धरलं. व्हरांडा तोच नव्हता, पण त्यांना तो तोच वाटला.

दुपारी दार बंद झालं आणि खोलीत राजश्रीबाई एकट्या राहिल्या. छातीवर उजेडाची जाळी पडली. डोक्यावरून यंत्राचा मोठा हात फिरून एका जागी थांबला. निलोफरचा आवाज आला, "बाई, घ्या श्वास."

त्यांनी डोळे मिटले. त्या डाव्या कोपऱ्यात होत्या. पायाखाली लाल माती, उन्हानं तापलेली. मध्यरेषा ओलांडून एक सडसडीत पोरगी घुमत, कबड्डी कबड्डी करत येत होती, आणि ती पोरगी म्हणजे त्या स्वतःच होत्या, सतरा-अठराच्या, ताठ मानेच्या. म्हणजे अक्काला मी अशी दिसायचे तर, असं त्यांच्या मनात आलं. त्यांनी छाती भरून श्वास घेतला आणि थांबल्या. आत कुठंतरी काळीज बरगड्यांपासून अलगद सुटून मागं सरकलं असणार. त्यांना ते कळलं नाही. यंत्रानं एकदा गुणगुण केली.

"सोडा, बाई. झालं."

"काय झालं?"

"उपचार झाला."

"एवढंच?" बाईंनी एक डोळा उघडला. "मला वाटलं आता कुटं नाणेफेक व्हतीय."

काचेपलीकडं डॉक्टर मगदूम, निलोफर आणि सानिका, तिघी एकदम हसल्या.

त्याला आता तीन वर्षं झाली. दर वर्षीप्रमाणे यंदाही बाई तपासणीला मिरजेला गेल्या, सोबत सानिका. ठिपका नाही. पडद्यावरची ती नस कोवळ्या ऊसपात्यासारखी साफ. आता सावलीला खऱ्या राजश्रीबाईंशी जुळवून बघतात. जिथं फरक पडतो तिथं सावली सुधारते आणि पुढच्या बाईला तेवढा अधिक नेम साधतो. आपण अशा कामी येतो याचं बाईंना कोण कौतुक! आष्ट्यात कुणालाही गाठ निघाली की त्या स्वतः तिला मिरजेला नेतात, आणि वाटेत कोपऱ्यातला श्वास शिकवतात. निलोफरनं तर तालमीची पद्धतच बदलली आहे. आता ती आधी विचारते, कुठला खेळ खेळत होता? गात होता का? शंख वाजवता का? शाळेतल्या गळपट्ट्या मात्र अजून कपाटातच आहेत. माणूस एका बैठकीत किती म्हणून बदलणार!

तपासणी आटोपल्यावर उठता उठता बाईंनी विचारलं, "डॉक्टर, अजून काळजं घेता का तुम्ही?"

डॉक्टर मगदूम जरा गडबडल्या. "हो. म्हणजे, नव्या किरणांनंतर पुष्कळ वर्षांनी काय होतं ते कुणालाच ठाऊक नाही. ते सांगणारी हृदयं अजून आमच्याकडं नाहीत."

"मग माझं मांडून ठेवा. माझ्या माघारी घ्या. काय कागद असंल तो आणा."

कागद आला. बाईंनी आपली सही ठोकली. खाली जवळच्या नातेवाइकाची जागा होती. ती त्यांनी बोटानं दाखवली.

"हितं हिची घ्या. हिला सवय हाय." मग सानिकाकडं वळून म्हणाल्या, "पर घाई करू नगंस. यंदा संघ राज्याला न्यायचाय मला."

सानिका हसत होती आणि तिला कागद नीट दिसत नव्हता. तिनं पेन टेकवलं. मागच्या वेळी अशीच सही करताना ती एकटी होती. या वेळी मावशी तिच्या खांद्यावर हात ठेवून शेजारी उभी होती, आणि सही पूर्ण होईपर्यंत तिनं तो काढला नाही.